बाकावरची हिरवळ

वैजनाथरावांनी चहाची बशी तोंडाशी नेली आणि तेवढ्यात फोन वाजला. विद्यापीठाचा होता. ते उठून उभे राहिले, कारण विद्यापीठाचा फोन ते नेहमी उभं राहूनच घेत.

"पाहणी समिती येतेय. श्रावणातला तिसरा सोमवार धरून चाला," पलीकडचा बाबू म्हणाला. "अध्यक्ष डॉक्टर तातेराव. तुमच्या उपकेंद्राचा शाश्वत वाढीचा आराखडा साहेबांना फार आवडला. म्हणाले, बाकी सगळं नंतर, आधी ती हिरवळ बघू."

"बघू द्या की! हिरवळच हिरवळ आहे इथं," वैजनाथराव म्हणाले आणि फोन ठेवून मटकन खाली बसले.

"काय झालं?" बायको शकुबाईंनी चुलीजवळून विचारलं.

"साहेब लोक हिरवळ पाहायला येऊन राहिले."

"कुठली हिरवळ?"

"तेच तर मी म्हणून राहिलो."

विद्यापीठाचं हे उपकेंद्र सेनगावच्या पुढे, एका बंजारा तांड्याच्या वरच्या अंगाला, मुरमाड माळावर होतं. दोन खोल्या, एक हातपंप आणि एक कडुनिंब, एवढा त्याचा पसारा. कडुनिंब विद्यापीठाच्या आधीपासून तिथं होता, म्हणून जगला होता. जिल्हा तेव्हा नवानवा झालेला. अर्ध्या कचेऱ्या भाड्याच्या घरात आणि अर्धे साहेब प्रभारी. वैजनाथरावही प्रभारी संचालक होते. प्रभारी म्हणजे काम पूर्ण आणि खुर्ची अर्धी. पुसेगावच्या त्यांच्या भावकीत लग्नपत्रिकेवर प्रेषक म्हणून त्यांचं नाव छापायचे, तर चुलतभाऊ तो 'प्रभारी' शब्द मुद्दाम जाड ठशात टाकायला सांगायचा. वैजनाथरावांच्या जिवाला तो शब्द बाभळीच्या काट्यासारखा सलत होता.

त्यातच विद्यापीठाने फर्मान काढलं. जे उपकेंद्र आपल्या परिसराच्या शाश्वत वाढीचा आराखडा देईल आणि त्यातला पहिला टप्पा पुरा करून दाखवील, ते टिकेल आणि तिथला प्रभारी कायम होईल. बाकीच्यांना कुलूप. कुलूप लागलं तर वैजनाथरावांना परत मुख्य परिसरात जाऊन, जे कालपर्यंत त्यांचे विद्यार्थी होते त्यांच्या हाताखाली भूगोल शिकवावा लागणार होता. ही धास्ती मोठी. तेव्हा त्यांनी ओळखीच्या एका प्राध्यापकाकडून कुठल्याशा समुद्रकाठच्या विद्यापीठाचा आराखडा मागवला आणि बसल्या बैठकीला उतरवून काढला. नारळ काढले, होड्या काढल्या. भरतीचं पाणी वसतिगृहात शिरणार नाही, एवढं एक वाक्य मात्र नजरचुकीने राहिलं. आणि पहिल्या टप्प्याच्या रकान्यात त्यांनी ठोकून दिलं: 'मुख्य इमारतीसमोर कायमस्वरूपी हिरवळ तयार असून ती पाहणाऱ्याचे मन प्रसन्न होते.'

पाहणारा कोणी येईल असं त्यांना वाटलं नव्हतं. आजवर कोणी आलंही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी शिपाई रामकिशनला बोलावलं. "रामकिशन, आपल्याला हिरवळ पाहिजे."

रामकिशनने खिडकीतून माळाकडे पाहिलं. पावसाने ओढ दिली होती. माळ भाजलेल्या भाकरीच्या रंगाचा झाला होता. "किती दिसांत, सर?"

"पंधरा-वीस दिवसांत."

"देव बी एवढी घाई करत न्हाई," रामकिशन म्हणाला. पण माणूस कामाचा. त्याचा मेव्हणा सिद्धेश्वर धरणाच्या कालव्यावर कामाला होता. कालव्याकाठची हराळी मुळासकट खरवडून ट्रॅक्टरभर आणली आणि संध्याकाळपर्यंत खोल्यांपुढे अंथरली. वैजनाथराव तिच्यावर अनवाणी चालून आले. त्यांना गहिवरून आलं. सकाळी येऊन पाहतात तर हराळी गायब आणि तिच्या जागी तांड्यातल्या भीमसिंगच्या म्हशी रवंथ करत बसलेल्या. एक तर थेट संचालकांच्या दारात बसली होती आणि उठायला तयार नव्हती.

वैजनाथराव तरातरा तांड्यात गेले. नेमसिंग नाईक अंगणात बाजेवर बसला होता. तांड्यात नाईकाचा शब्द शेवटचा, म्हणून गाऱ्हाणं त्याच्यापाशी.

"नाईक, तुमच्या भीमसिंगच्या म्हशींनी विद्यापीठ खाल्लं!"

"म्हशीला काय ठावं विद्यापीठ, सर? तिला गवत दिसलं," नेमसिंग शांतपणे म्हणाला. "बसा. च्या घ्या."

चहा घेता घेता वैजनाथरावांची नजर ओसरीकडे गेली. नाईकाची बायको रूपाबाई वारुळाची माती आणि लेंडीखत चाळत होती आणि तांड्यातल्या पोरी नव्या कोऱ्या टोपल्या घेऊन भोवती बसल्या होत्या.

"हे काय चाललंय?"

"तीज पेरायची हाय," नेमसिंग म्हणाला. "राखी पुनवेला पोरी टोपलीत गहू पेरतेत. गोकुळाष्टमीच्या दुसऱ्या दिशी तोडतेत. तवर पाहा तुमी, हा इतभर गहू! असा हिरवा की पोपट येऊन बसला तर दिसायचा न्हाई."

वैजनाथरावांनी बशी खाली ठेवली. "पाऊस नसला तरी?"

"पोरी पानी घालतेत ना. सांज-सकाळ, गानी म्हनत."

"आणि शेळ्या? म्हशी?"

"तीजेला? तांड्यातली शेळी बी तिकडं तोंड करत न्हाई."

तिसरा सोमवार अष्टमीच्या आदल्या दिवशी येत होता. आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन, अशी वैजनाथरावांची गत झाली. ते बाजेवर नेमसिंगच्या जवळ सरकले. "नाईक, या साली तीज आमच्या उपकेंद्रात बसवा. विद्यापीठाचा मान, तांड्याचा मान."

"तीज म्हंजे कुंडीतलं झाड न्हाई, सर," रूपाबाई ओसरीवरून म्हणाली. "ती पोरींची माहेरवाशीन हाय. तिला खाली जमिनीवर ठेवत न्हाईत, माळा लागतो. पोरींबिगर कोनी हात लावायचा न्हाई. जवळ चपला न्हाई चालत."

"कबूल."

"आन तीज नाईकाच्याच अंगनात बसते," नेमसिंग मिशीवर हात फिरवत म्हणाला.

"मग माझं अंगण तुमचंच समजा!"

"समजू का?"

"समजा म्हणतो ना!" वैजनाथरावांना त्या घडीला फक्त हिरवा रंग दिसत होता. "पण टोपल्या जास्त पाहिजेत. एवढ्यानं माळ झाकायचा नाही."

"बिनलग्नाच्या एका पोरीला एक टोपली, हा कायदा हाय. टोपल्या वाढवायच्या तं पोरी वाढवाव्या लागतीन. आन पोरी काय हातपंपाला येतेत का?"

"पाहुण्यारावळ्यांतल्या बोलवा! शेजारच्या तांड्यातल्या बोलवा!"

नेमसिंगने रूपाबाईकडे पाहिलं. रूपाबाईने कपाळाला हात लावला. पण नाईकाला एवढा मोठा मान कधी मिळाला नव्हता, आणि मानापुढे शहाणपण चालत नाही हे काही फक्त विद्यापीठातच खरं आहे असं नाही.

राखी पौर्णिमेला पोरी आल्या. पोरींबरोबर त्यांच्या आया आल्या, आयांबरोबर आज्या आल्या. माळा कशाचा करायचा, हा प्रश्न वर्गातली सगळी बाकं बाहेर काढून सुटला. बाकांना बाकं लावली, वर टोपल्या दाटीवाटीने मांडल्या, बाकांचे पाय पळसाच्या डहाळ्यांनी झाकले. विद्यार्थी जमिनीवर बसू लागले. मग एका खोलीत पाहुण्या बायका उतरल्या, तेव्हा विद्यार्थी कडुनिंबाखाली गेले. मग कडुनिंबाखाली चूल पेटली, तेव्हा विद्यार्थी घरी गेले. नेमसिंगने आपली बाज आणून संचालकांच्या दारात टाकली. अंगण त्याचंच होतं.

"सर, चपला," रोज सकाळी कोणीतरी पोरगी वैजनाथरावांना टोकायची, आणि संचालक चपला हातात घेऊन, मुरमाने भाजत, उड्या मारत आपल्या कचेरीत शिरायचे. हातपंपावर रांग लागली. पहाटेपासून गाणी सुरू व्हायची. वैजनाथराव कानात कापूस घालून बसले. पण खिडकीतून बाहेर पाहिलं की त्यांचा जीव सुपाएवढा व्हायचा. गहू खरोखरच वर येत होता. आधी पिवळट कोंब, मग पोपटी, मग गर्द हिरवा. लांबून पाहिलं तर माळावर कोणी शालू वाळत घातलाय असं वाटावं.

सोमवारी सकाळी वैजनाथराव सफारी घालून रस्त्याकडे डोळे लावून बसले. दुपारी फोन आला. समिती येता येता औंढ्याला नागनाथाच्या दर्शनाला थांबली होती आणि श्रावणी सोमवारच्या रांगेत अडकली होती. "मंगळवारी अष्टमीची सुट्टी. साहेबांचा उपास आहे. बुधवारी येतील," बाबू म्हणाला.

बुधवारी तीज तुटणार होती. वैजनाथराव अनवाणीच धावत नेमसिंगच्या बाजेपाशी गेले. "नाईक, बुधवारचं गुरुवारवर ढकला. एक दिवस, फक्त एक दिवस!"

"सर, तुमी अष्टमी ढकलता का पुढं?"

"ती काय माझ्या हातात आहे?"

"मंग ही काय माझ्या हातात हाय?"

रूपाबाईने तर मान वर करूनही पाहिलं नाही. "पोरी पाहुन्या आल्यात. त्यांच्या घरी बी कामं हायत. सकाळच्याला या म्हना तुमच्या सायबाला."

साहेब सकाळी येत नसतात. बुधवारी ऐन दुपारी दोन गाड्या धूळ उडवत माळ चढल्या. डॉक्टर तातेराव शाश्वत विकासावर परदेशात भाषणं देऊन आलेले गृहस्थ होते. गाडीतली थंड हवा कमी झाली की त्यांना घाम यायचा. त्यांनी काच खाली केली आणि बघतच राहिले. "वा! या वैराण माळावर ही हिरवळ! आणि जमिनीपासून उंच!"

"स्तरीय हिरवळ आहे सर," वैजनाथराव म्हणाले. स्तरीय म्हणजे काय हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. "आणि सर, बूट... आपला परिसर पादत्राणमुक्त आहे."

"आपल्या मातीशी थेट नातं!" तातेराव म्हणाले आणि मोजे काढून मुरमावर उतरले. नातं फारच थेट होतं. ते एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचत हिरवळीकडे निघाले, मागून सदस्य नाचत निघाले. आणखी थोडा वेळ, एवढंच वैजनाथराव मनात घोकत होते. साहेबांनी पाहिलं, फोटो झाला, गाडीत बसले, की घोडं गंगेत न्हालं.

तेवढ्यात हलगी कडाडली.

खोलीतून पोरी बाहेर आल्या. घागरे, ओढण्या, हातभर बांगड्या. सगळ्यांच्या पुढे होती तांड्यातल्या देविदासची पोरगी निलम. तिने बाकापाशी येऊन हात जोडले, हिरवळीचा एक तुकडा उचलला, डोक्यावर ठेवला आणि चालू लागली. तिच्यामागे शितलने दुसरा तुकडा उचलला. मग तिसरी, मग चौथी. विद्यापीठाच्या डोळ्यांदेखत विद्यापीठाची कायमस्वरूपी हिरवळ एका रांगेत, गाणी म्हणत, माळ उतरू लागली. मागे नुसती बाकं राहिली. एका बाकावर कोणीतरी करकटकाने बदाम कोरला होता, तोही आता दिसू लागला.

तातेरावांचं बोट हवेतच राहिलं. "अहो प्राध्यापक, तुमची हिरवळ कुठं चालली?"

वैजनाथरावांच्या डोळ्यांपुढे आजवरचं प्रभारीपण उभं राहिलं, चुलतभाऊ उभा राहिला, कुलूप उभं राहिलं. बुडत्याचा पाय खोलात जातो तसे ते खोलात गेले. "पाण्याकडे, सर."

"म्हणजे?"

"सर, इतर ठिकाणी पाणी हिरवळीकडे नेतात. त्याला मोटार लागते, पाइप लागतो, वीज लागते. आमच्याकडे हिरवळच पाण्याकडे जाते."

तातेराव स्तब्ध झाले. सदस्य तातेरावांकडे पाहून स्तब्ध झाले.

"म्हणजे ऊर्जेचा वापर..."

"शून्य, सर."

"आणि ही बाकं?"

"हिरवळ नसताना तिच्या जागेवर वर्ग भरतो. एकाच जागेचा दुहेरी उपयोग."

"लिहून घ्या!" तातेराव सदस्यांवर खेकसले. "हे लिहून घ्या! परदेशातसुद्धा हे नाही!"

झालं. समिती मिरवणुकीच्या मागे निघाली. खाली तांड्याचं छोटं तळं होतं, आराखड्यात ते विद्यापीठाचं जलसंधारण म्हणून दाखवलेलं. काठावर, तीज तोडायचा मान नाईकाचा म्हणून, नेमसिंगने गव्हाचे तुरे तोडले आणि गड्यांच्या पागोट्यांत खोवले. तातेरावांच्या डोक्यावर पागोटं नव्हतं आणि केसही नव्हते, म्हणून त्याने त्यांच्या दोन्ही कानांवर एकेक तुरा खोवून दिला. मग टोपल्या पाण्यात सोडायची वेळ आली आणि पोरी रडू लागल्या. लेक सासरी निघाल्यावर रडावं तशा, एकमेकींच्या गळ्यात पडून.

"ह्या मुली का रडताहेत?" तातेरावांनी हळूच विचारलं.

"हिरवळ चालली म्हणून, सर," वैजनाथराव म्हणाले. त्या दिवसभरात तेवढं एक वाक्य ते खरं बोलले.

तातेरावांचे डोळे भरून आले. "आमच्या मुख्य परिसरातली झाडं तोडली तेव्हा कोणी हूं की चूं केलं नाही हो!" ते म्हणाले. तोडायच्या हुकमावर सही त्यांचीच होती, पण ती आठवण्याची ही वेळ नव्हती. कानावरचे तुरे हलवत ते गाडीत बसले, आणि बसता बसता भरतीच्या पाण्याचा विचार करणारी वैजनाथरावांची दूरदृष्टीही त्यांनी वाखाणली.

दसऱ्याच्या आत हुकूम आला. वैजनाथराव कायम झाले! त्यांनी पेढे वाटले, पाटी रंगवून घेतली, चुलतभावाला मुद्दाम घरी बोलावून पाटीखाली बसवलं. हुकमाच्या शेवटी दोन अटी होत्या, त्या त्यांनी वाचल्या पण मनावर घेतल्या नाहीत. एक, हरित आच्छादनात कधीही घट होऊ नये. झाल्यास नेमणूक आपोआप रद्द. दुसरी, हिरवळीच्या देखभालीखेरीज माळावर कुठलंही नवं बांधकाम करू नये. समिती दरवर्षी तीजेला येणार होती. तातेरावांनी स्वतःसाठी पागोटंसुद्धा विकत घेतलं होतं म्हणे.

तुळशीचं लग्न लागलं आणि रामकिशन सांगत आला, "सर, देविदासच्या निलमची सोयरीक जुळून राहिली. शितलला बी पाहून गेले. आवंदा तांड्यात लग्नंच लग्नं हायत."

"अरे वा, चांगलं झालं," वैजनाथराव म्हणाले. मग त्यांच्या हातातली चहाची बशी तशीच राहिली. एका बिनलग्नाच्या पोरीला एक टोपली. लग्न झालं की टोपली गेली. टोपली गेली की हिरवळ घटली. हिरवळ घटली की...

ते पाटीकडे न पाहताच सुटले, ते थेट देविदासच्या दारात. नेमसिंग आणि रूपाबाई सोयरिकीच्या बोलण्याला तिथंच बसलेले.

"देविदास, पोरीच्या लग्नाची एवढी घाई काहून करता?" वैजनाथराव धापा टाकत म्हणाले. "शिकू द्या तिला! बारावी झालेली हुशार पोर. आजकालच्या काळात मुलींनी पदवी घेतली पाहिजे, पायावर उभं राहिलं पाहिजे!" आयुष्यभर पंधरा ऑगस्टला हे भाषण त्यांनी केलं होतं, पण आज पहिल्यांदा त्यांचा आवाज कापत होता.

देविदास सुपारी कातरत होता. त्याने अडकित्ता थांबवला. "सर, गेल्या साली हिलाच घेऊन मी तुमच्या हापिसात आल्तो. तुमी मान वर केली न्हाई. म्हन्ले, तांड्याच्या पोरी दोन महिन्यांत लग्न करून जातेत, उगी जागा वाया जाते. घेऊन जा म्हन्ले."

वैजनाथरावांनी आठवून पाहिलं. त्यांना आठवेना. हे वाक्य त्यांनी इतक्या बापांना ऐकवलं होतं की त्यातला देविदास कुठला हे सांगता येत नव्हतं. त्यांना लाज वाटली, अगदी खरीखुरी, आणि ती लपवायला सफारीचा खिसा पुरेना.

"सर," निलम पाण्याचा तांब्या ठेवत म्हणाली, "बापूला मी समजावते. पण जूनमधी नाव घालू, अशी गोष्ट नको. आत्ताच नाव घाला. शितलचं बी घाला. आन ज्या पोरी लांबच्या तांड्यातून आल्त्या त्यांचं बी. त्यांच्यासाठी राहायला वसतिगृह पाहिजे."

"वसतिगृह आहे ना बाळ आराखड्यात! शेवटच्या टप्प्यात आहे."

"मंग तीज बी शेवटच्या टप्प्यात पेरू," निलम म्हणाली.

रूपाबाई पदर तोंडाला लावून हसली. नेमसिंगने मिशीवर हात फिरवला. "सर, इतके दिस तुमी पोरींच्या टोपल्या पाह्यल्या. आज पोरी पाह्यल्या. च्या घ्या."

पुढच्या पावसाळ्याच्या आत माळावर पहिली नवी इमारत उभी राहिली. तिच्यात आज आसपासच्या तांड्यांवरच्या पोरी राहतात, रात्री अभ्यास करतात, सकाळी हातपंपावर भांडतात, आणि लग्नाचं कोणी काढलं तर "आधी डायरेक्टरला इचारा" म्हणतात. विद्यापीठाच्या दप्तरी मात्र तिथं वसतिगृह नाही. तिथं नोंद आहे: 'हिरवळ ठेवण्याची शेड.'